फरक आजच्या आज सांगता आला पाहिजे



हल्ली ‘सेफ स्पेस’ हा शब्द फार कानावर येतो. मनातलं न घाबरता बोलता येईल अशी जागा, असा त्याचा साधा अर्थ. नातवंडांच्या शाळेत तो ऐकू येतो, कंपनीत काम करणाऱ्या सुना-मुलांच्या तोंडी असतो. सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या वयाच्या मंडळींना मात्र तो ऐकला की हसू येतं. “आम्हाला कोणी दिली होती असली जागा? बोलणी खाल्ली, शिकलो, पेन्शनीत निघालो,” असं त्यांचं म्हणणं.

मला ते पटत नाही. अशी जागा आमच्या वेळीही होती, फक्त तिला नाव नव्हतं. काही शाखांत ती होती, काहींत नव्हती. दोन्हींकडे शेवटी काय झालं ते मी जवळून पाहिलं आहे, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

मी इंदूरचा. आमचे पूर्वज होळकरांच्या चाकरीत इथं आले आणि इथलेच झाले. बी.कॉम. झालो, १९७३ साली एका राष्ट्रीयीकृत बँकेत कारकून म्हणून लागलो आणि २०११ साली अधिकारी म्हणून बाहेर पडलो. मानसशास्त्र हा माझा विषय नव्हे, जमाखर्च हा माझा विषय. तेव्हा जे सांगायचं ते त्याच भाषेत सांगतो.

ज्यांनी संगणकापूर्वीची बँक पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं. दुपारी व्यवहार बंद झाले की खरं काम सुरू व्हायचं. कॅशिअर नोटा मोजायचा, आम्ही व्हाउचरं लावून नावे-जमेच्या बेरजा घ्यायचो. रोकड जुळल्याशिवाय तिजोरी बंद होत नसे, आणि तिजोरीला दोन किल्ल्या, दोन माणसांकडे. रोकड कमी आली तर कॅशिअरनं भरायची. जास्त आली तर ‘बरं झालं’ म्हणून खिशात घालायची नाही, तीही वेगळ्या खात्यात जमा करून ठेवायची, कारण ती कोणाची तरी असते. खातेवह्यांची बाकी ठरावीक मुदतीनं वेगळी जुळवावी लागायची. शेकडो खाती, हातानं मारलेल्या बेरजा. फरक हा यायचाच.

फरक शोधण्याच्या युक्त्याही जुन्या लोकांनी आम्हाला शिकवल्या होत्या. फरकाला नऊनं भाग जात असेल तर बहुधा आकड्यांची अदलाबदल झालेली असते, म्हणजे ६५० च्या जागी ५६०. फरक समसंख्या असेल तर त्याच्या निम्म्या रकमेची नोंद शोधायची, कारण नावेची रक्कम जमेला पडली की फरक दुप्पट दिसतो. अशा आडाख्यांनी तासाभरात चूक सापडायची. पण यांतली एकही युक्ती चालायला आधी एक गोष्ट घडावी लागते. कोणीतरी उठून “साहेब, फरक येतोय” असं म्हणावं लागतं. सगळं तिथं अडतं.

माळव्यातल्या एका तहसिलीच्या गावी मी असताना एका संध्याकाळी कॅश ५०० रुपयांनी कमी आली. तेव्हाच्या नव्या कारकुनाचा हा जवळपास महिन्याचा पगार. कॅशिअर पोरगा वर्षभरापूर्वी लागलेला, घामानं भिजला होता. पण तो लपवायला गेला नाही, सरळ मॅनेजरच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. मॅनेजर म्हणाले, “सांगितलंस ते बरं केलंस. बस, चहा घे. आज मोठी रोकड कोणाला दिलीस ते आठव.” मग सगळ्यांनी मिळून पेमेंटची व्हाउचरं पाहिली. धान्य मंडीतल्या एका व्यापाऱ्याला पाच रुपयांच्या नोटांच्या गड्ड्यांबरोबर दहाची एक गड्डी गेली असावी, असा अंदाज निघाला. शंभर नोटांची दहाची गड्डी हजाराची, पाचची पाचशेची, म्हणजे फरक बरोबर ५०० चा. दोघं जण लगेच पेढीवर गेले. शेठजी स्वतःचा रोकडमेळ घेऊन बसलेच होते आणि त्यांच्याकडे ५०० जास्त येत होते. त्यांनी हसत परत दिले. दुसऱ्या दिवशी गेलो असतो तर तीच रोकड आडतीला आलेल्या शेतकऱ्यांत वाटली गेली असती आणि मग ब्रह्मदेवालाही सापडली नसती.

आता दुसरी शाखा, शहरातली, मोठी. तिथले साहेब हुशार होते, पण चूक कळली की सगळ्या हॉलसमोर बोलायचे, ग्राहक उभे असले तरी. “घरी बायकोला तरी बरोबर हिशेब देता का?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लोक खाली मान घालून हसायचे. त्या शाखेत फरक कधीच येत नसे! वरच्या ऑफिसातले लोक कौतुक करायचे. खरी गोष्ट अशी की, तिथला कॅशिअर लहानसहान तुटी गुपचूप खिशातून भरायचा आणि खातेवहीची बाकी जुळली नाही तर जुळवून टाकायची, अशी रीत पडली होती. एका कारकुनानं कित्येक वर्षं न हललेल्या एका खात्यासमोर खोटा आकडा लिहून बाकी जुळवली. पुढं इन्स्पेक्शनमध्ये ते निघालं. मूळ फरक किती, तर ९० रुपये. ६५० च्या जागी ५६० पडले होते, नऊनं भाग जाणारा अगदी पुस्तकातला फरक. त्याच दिवशी बोलला असता तर तासाभरात सुटला असता. चार्जशीट मिळाली ती ९० रुपयांसाठी नव्हे, खोट्या आकड्यासाठी. त्या माणसाचं प्रमोशन कायमचं गेलं. तो काही चोर नव्हता, भित्रा होता, आणि त्याला भित्रा करण्यात त्या हॉलचा वाटा होता. चार्जशीटवर मात्र नाव एकट्याचं.

पुष्कळ वर्षांनी, निवृत्तीनंतर, हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या एमी एडमंडसन या बाईंच्या संशोधनाबद्दल वाचलं. १९९९ साली त्यांनी कामाच्या ठिकाणच्या ‘मानसिक सुरक्षितते’वर लेख लिहिला. त्याआधी त्या इस्पितळांत औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या गटांत चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा. आकडे उलटे आले, चांगल्या गटांत नोंदलेल्या चुका जास्त! खोलात गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की चांगल्या गटांतले लोक चुका जास्त करत नव्हते, मोकळेपणानं सांगत होते. बाकीच्या ठिकाणी चुका कागदावर येतच नव्हत्या. मी वाचता वाचता मान डोलावली. फरक कधीच न येणारी शाखा मी पाहिलेली होती.

इथं आमचे मित्र लगेच म्हणतात, “म्हणजे लाड करायचे? कोणी काही करा, आपण गोड बोला?” हा आक्षेप रास्त आहे, त्याला बगल देऊन चालणार नाही. पण त्या चहा पाजणाऱ्या मॅनेजरांनी तूट माफ केली नव्हती. पैसे सापडले नसते तर ते कॅशिअरलाच भरावे लागले असते, नियम तोच होता. चुकीची नोंद खोडून, दुरुस्त करून अधिकाऱ्याची सही घ्यावी लागते, ती त्यांनी कधी सोडली नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या पोराला गड्डी देण्याआधी दुसऱ्याला दाखवायची सक्ती झाली. आणि जाणूनबुजून पैसे उचलणाऱ्याला त्यांनी एकदा उभ्या उभ्या घरी पाठवल्याचंही मी पाहिलं. शिस्त पूर्ण होती. त्यांनी फक्त सांगणाऱ्याची अब्रू आणि चुकीची भरपाई ही दोन खाती वेगळी ठेवली. दुसऱ्या साहेबांनी दोन्ही एकाच खात्यात नावे टाकली, म्हणून तिथं लोकांनी सांगणंच बंद केलं.

बायकांच्या बाबतीत तर हे फार जपून बघण्यासारखं आहे. मी लागलो तेव्हा शाखेत एखादीच मुलगी असायची. तिला कोणी वावगं बोललं तर सांगायला जागाच नव्हती. १९९७ साली विशाखा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, २०१३ साली कायदा आला. दहा किंवा अधिक माणसं जिथं काम करतात तिथं अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष महिला हवी, बाहेरची एक सदस्य हवी. चांगलं झालं. पण समितीचा कागद नोटीस बोर्डावर लागला म्हणजे मुलगी तिथपर्यंत जाईलच असं नाही. “सर, ते जरा विचित्र बोलतात,” असं ती आधी कधीतरी सहज म्हणालेली असते. तेव्हा “अगं, त्यांचा स्वभावच तसा आहे” असं उत्तर मिळालं असेल, तर पुढची मोठी गोष्ट ती सांगत नाही. छोटं सांगणं कसं ऐकलं गेलं यावर मोठं सांगणं अवलंबून असतं. माझ्या सगळ्या सांगण्याचं सार हेच आहे, आणि ते ऑफिसपुरतं नाही.

घरचंच बघा. सध्या आपल्या पेन्शनर मंडळींवर ‘डिजिटल अरेस्ट’ची धाड आली आहे. व्हिडिओ कॉलवर खोटा पोलीस येतो, तुमच्या नावानं पार्सल सापडलंय म्हणतो, खोलीत बसवून ठेवतो आणि पैसे वळते करून घेतो. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी अशात आयुष्याची ठेव मोडून दिली आणि आठ-नऊ दिवस घरात कोणालाही सांगितलं नाही. पुढं म्हणाले, “पैसे गेले ते गेले, पण मुलगा ‘तरी मी सांगत होतो’ म्हणेल, ते सोसलं नसतं.” शेवटी सांगितलं तेव्हा पैसे कुठल्या कुठं गेले होते.

दुसऱ्या एका घरी सासूबाईंना तसाच फोन आला. घाबरून त्यांनी थोडे पैसे पाठवलेही. पण पंधरा मिनिटांत सुनेला फोन लावला. सुनेनं लगेच १९३० वर तक्रार केली, बँकेला कळवलं आणि बरीचशी रक्कम मध्येच अडवली गेली. सासूबाईंना मी विचारलं, “तुम्ही सुनेला लगेच कसं सांगितलंत?” त्या म्हणाल्या, “मागं एकदा मोबाईलवरून भलत्यालाच हजार रुपये गेले होते माझ्याकडून. ती हसली नव्हती.” बघा, त्या हजार रुपयांच्या दिवशी न हसणं पुढं केवढ्याला पडलं!

बँकेचा नियमही हेच सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँकेचा किंवा खातेदाराचा दोष नसताना तिसऱ्याच कोणी खात्यातून पैसे काढले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर खातेदाराला तोशीस लागत नाही. खातेदाराच्या हलगर्जीपणानं गेले तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे लाजेनं गेलेल्या प्रत्येक दिवसाची किंमत असते, आणि ती रुपयांत मोजता येते. घरातल्या इतर गोष्टींत ती रुपयांत मोजता येत नाही, एवढंच.

कोटा आपल्यापासून फार लांब नाही, आणि इंदुरातही क्लासेसची काही कमी राहिलेली नाही. नातू म्हणाला, “आजोबा, मला हे जमत नाहीये,” तर पहिलं वाक्य काय निघतं आपल्या तोंडून? “एवढी फी भरली आहे बाबांनी”? मग तो पुन्हा कशाला सांगेल? मुलगी सासरहून फोनवर “बरी आहे” म्हणते, त्या ‘बरी’चा सूर आईला कळतो. तरी आपण “आता तेच तुझं घर” म्हणून विषय बंद करतो. दार उघडं आहे हे तिला संकट येण्याआधी माहीत असावं लागतं, संकटात नवीन काही कळत नाही. बोलायला घरात कोणीच नसेल तर सरकारची ‘टेली मानस’ ही फोनसेवा २०२२ पासून चालू आहे, १४४१६ हा तिचा नंबर, दिवसरात्र, फुकट. हा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवायला काही हरकत नाही.

आणखी एक गोष्ट, जी बँकेत पाळली जाते आणि घरात नाही. नोकरीला लागताना आम्ही निष्ठा आणि गुप्ततेच्या प्रतिज्ञेवर सही केली होती. अमक्याच्या खात्यात किती आहेत हे बायकोलाही सांगायचं नाही. घरात मात्र सुनेनं विश्वासानं सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत पुण्याच्या मावशीला आणि रात्री ‘समस्त परिवार’ ग्रुपला कळलेली असते. मग ती पुन्हा सांगत नाही. आपण म्हणतो, “हल्लीच्या मुली मोकळेपणानं बोलतच नाहीत.”

आता आपल्या समाजाबद्दल, कारण हे लिखाण मुख्यतः त्यासाठीच आहे.

आपली मंडळं जुनी, कार्यकर्ते जीव ओतून काम करतात. पण वार्षिक सभेत एखाद्या तरुणानं “मंडपाचा खर्च एवढा कसा?” म्हणून विचारलं, की कोषाध्यक्ष राजीनामा खिशातून काढतात. “तीस वर्षं फुकट राबलो, आज माझ्यावर अविश्वास!” सगळे समजूत घालतात, तो तरुण माफी मागतो आणि पुढच्या वर्षी सभेला येत नाही. मग आपण चिंता करतो की तरुण पिढी मंडळात का येत नाही. हिशेब विचारणं म्हणजे चोर म्हणणं नव्हे. बँकेत दर वर्षी ऑडिटर यायचे, त्यांच्यासाठी आम्ही चहा मागवायचो.

आणि सर्वांत जिव्हाळ्याचं, आपली भाषा. १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन वेळा अखिल भारतीय साहित्य संमेलनं या इंदुरात झाली. त्याच गावात आज मराठी घरातला दहा वर्षांचा मुलगा पाहुण्यांसमोर मराठीत तोंड उघडत नाही. कारण? तो एकदा म्हणाला, “आंबा खूप मीठा आहे,” किंवा “मी त्याच्याशी विचारलं,” आणि सगळी बैठक हसली. पुण्याहून आलेल्या काकांनी तर ते वाक्य चार घरी नक्कल करून दाखवलं. काकांचा हेतू वाईट नव्हता. पण त्या दिवशी पोरानं मनाशी हिशेब केला. हिंदीत बोललं तर कोणी हसत नाही, मराठीत हसतात. तो हिंदीत गेला, आणि उद्या त्याची मुलं मराठीत येणार नाहीत.

बडोद्याच्या मराठीत गुजराती येणार, बेळगावच्या मराठीत कानडी, हैदराबादच्या मराठीत दखनी. पिढ्यान्पिढ्या तिथं राहिलेल्या माणसांची भाषा शेजाऱ्यांशी बोलून बोलून तशी झाली आहे. त्यात लाज कसली? “मग दुरुस्त करायचंच नाही का?” असं विचाराल. करायचं, पण बँकेतल्यासारखं. हॉलसमोर नाही. तो म्हणाला, “आंबा मीठा आहे,” तर आपण म्हणावं, “हो रे, फारच गोड आहे, आणखी घे.” त्याला शब्दही मिळाला आणि आंबाही. लिहिण्यातल्या चुका नंतर, एकट्यात, वही घेऊन.

माझी आपल्या सर्व गावांतल्या मंडळांना एक साधी सूचना आहे. यंदाच्या गणेशोत्सवात मुलांच्या कार्यक्रमात परीक्षकांनी माइकवरून उच्चार सुधारू नयेत. स्टेजवर मराठीत दोन वाक्यं बोलणाऱ्या प्रत्येक मुलाला टाळ्या मिळाव्यात, मोडकी बोलला तरी. कोषाध्यक्षांनी सभेआधी आठ दिवस हिशेब ग्रुपवर टाकावा आणि “शंका विचारा” असं स्वतः लिहावं. खर्च काहीच नाही.

आणि घरात एक. कोणी वाईट बातमी घेऊन आलं, मग ती पैशाची असो, मार्कांची, नोकरीची की संसाराची, तर आपलं पहिलं वाक्य “सांगितलंस ते बरं केलंस” हे असावं. रागवायचं असेल तर पुढं अख्खी संध्याकाळ पडली आहे.

तुमच्या शाखेत, शाळेत, कारखान्यात असा चहा पाजणारा साहेब किंवा बाई होत्या का? खाली जरूर लिहा. नाव नाही लिहिलं तरी चालेल, त्यांचं पहिलं वाक्य काय होतं तेवढं लिहा.